पडद्यावरची फारकत

भैरवगढ म्हटले की उज्जैनच्या माणसास तीन गोष्टी आठवतात : काळभैरवाचे मंदिर, मध्यवर्ती तुरुंग आणि छापील कापड. क्षिप्रेच्या काठच्या या वस्तीत छिपा कारागिरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. वितळलेले मेण कापडावर बसवायचे, कापड रंगात बुडवायचे आणि मग उकळत्या पाण्यात मेण सोडवून घ्यायचे, हा त्यांचा उद्योग. आम्ही मूळचे वसईचे. पोटापाण्याच्या निमित्ताने येथे येऊन राहिलो, त्यास आता बरीच वर्षे लोटली. शेजारी एक मराठी कुटुंब आहे. शिंद्यांची राजधानी उज्जैनीहून ग्वाल्हेरीस गेली ती १८१० साली. परंतु त्यांच्याबरोबर माळव्यात आलेली सगळीच मराठी घराणी काही उठून गेली नाहीत, त्यांपैकी हे एक. त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी चार बायामाणसे जमतात, आणि अलीकडे तेथे सर्वांत अधिक चघळला जाणारा विषय म्हणजे दूरचित्रवाणीवरील मालिका. त्यातही संसार मोडण्याच्या मालिका. त्या ओट्यावरील मतामतांचा थोडा परामर्श घ्यावा असे आम्ही योजिले आहे. कारण तेथे एक प्रश्न सदैव विचारला जातो, आणि त्याहून अवघड असा दुसरा फार क्वचित.

'स्टार प्रवाह' वाहिनीवर २०१९ च्या डिसेंबरापासून २०२४ च्या नोव्हेंबरापर्यंत चाललेली 'आई कुठे काय करते' ही मालिका आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. मूळ कथा बंगाली; 'श्रीमयी' या मालिकेवरून ती मराठीत आली आणि हिंदीत 'अनुपमा' झाली. अरुंधती देशमुख ही सासू-सासरे, नवरा आणि तीन मुले यांच्यासाठी अहोरात्र राबणारी गृहिणी. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर तिला कळते की, पती अनिरुद्ध याचे कचेरीतील संजना नावाच्या बाईशी संबंध आहेत. रडणे-भेकणे होते, समजावणे होते, अखेर घटस्फोट होतो. अनिरुद्ध संजनेशी लग्न करतो. अरुंधती गाण्याच्या आधाराने आपल्या पायांवर उभी राहते, आणि कालांतराने आशुतोष नावाच्या गृहस्थाशी तिचाही पुनर्विवाह होतो.

या कथेवर ओट्यावर जे निवाडे झाले, ते ऐकण्यासारखे होते. घरच्या काकू सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे म्हणणे, "पंचवीस वर्षं काढली ना? मग उरलेलीही निघाली असती. पोरं मोठी झाली, आता सुख यायचं, आणि ही उठून चालली." त्यांची सून बँकेत नोकरीस आहे. ती सासूबाईंपुढे सहसा बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली : "आई, कळलं त्याच रात्री निघायला हवं होतं. इतके भाग घालवले कशाला?" समोरचे निवृत्त रेल्वे कारकून अप्पा मात्र मध्यम मार्गाचे. पुरुषाचे पाऊल घसरते, म्हणून घर घसरू देऊ नये, असे ते म्हणत. घर सावरायचे काम अर्थातच बाईचे, हे त्यांनी सांगितले नाही. ते सांगण्याची आवश्यकता त्यांस वाटली नसावी.

मौज पुढेच आहे. घटस्फोटापर्यंत अरुंधतीची बाजू घेणारे बहुतेक सर्व जण तिच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी एकाएकी काकूंच्या पक्षास जाऊन मिळाले. "सुटली हे चांगलं झालं, पण या वयात पुन्हा हळद कशाला?" अनिरुद्धाने दुसरे लग्न केले तेव्हा त्याचे वय कोणी काढले नव्हते. बाई सोसते तोवर आपली सहानुभूती तिच्या पायांशी लोळत असते. ती हसू लागली की आपण हात आखडता घेतो. हा स्वभाव भैरवगढचाच आहे असे आम्ही म्हणणार नाही. वसईतही आम्ही तो पाहिला आहे.

या सर्व वादात एक बाई क्वचितच तोंड उघडत. त्या शेजारच्या छिपा कुटुंबातल्या. सारी आळी त्यांस आपा म्हणते. कापडावर मेण बसविण्याचे काम त्यांच्या अंगणात चालते आणि तीन-चार बायका त्यांच्या हाताखाली असतात. मराठी त्यांस बोलता येत नाही, पण समजते. एके दिवशी अरुंधतीच्या स्वभावावर अर्धा तास खल झाल्यावर त्यांनी हिंदीत एवढेच विचारले की, ते घर कोणाच्या नावावर आहे? सगळे हसले. आम्हीही हसलो असू. परंतु प्रश्न मनातून जाईना.

काकूंचा आणखी एक सिद्धान्त असा की, हे सारे दूरचित्रवाणीने आणले; आपल्यात हे नव्हतेच. येथे आम्हांस विरोध करावा लागला. जी गोष्ट नाही तिला भाषा शब्द कशाला देईल? मराठीत काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे, आणि आमच्या शास्त्रात सूटपत्र आहे. घटस्फोट हा शब्द तेवढा पुस्तकी. पुष्कळ जातींत पंचांसमक्ष काडी मोडून नवरा-बायको मोकळी होत आणि बाई पाट लावून दुसरे घर करी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने अशा रूढीच्या फारकतीस धक्का लावलेला नाही. नव्हते ते उच्चवर्णीयांच्या घरांत, आणि त्याची किंमत काय पडे हे रखमाबाईंस विचारावे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पती दादाजी भिकाजी याने १८८४ साली दावा लाविला. पहिल्या न्यायाधीशाने तिच्या बाजूने निकाल दिला, तो पुढे फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला की, नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करीन असे कळविले. अखेरीस दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढे ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली. त्या काळी पडदा नव्हता, परंतु प्रेक्षक होते. वृत्तपत्रांतून पत्रांवर पत्रे येत. टिळकांचा 'केसरी' तिच्या विरुद्ध बाजूस होता. आमच्या ओट्यावरील प्रत्येक मत त्या वेळच्या कोणा ना कोणा शिकलेल्या गृहस्थाने छापून ठेवलेले आढळेल.

१९३४ साली आचार्य अत्र्यांचे 'घराबाहेर' रंगभूमीवर आले. नायिका घराबाहेर पडू शकली. विवाहाबाहेर पडण्याची वाट मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीस कायद्याने तेव्हा नव्हती. बडोदे संस्थानाने ती १९३१ सालीच करून दिली होती, मुंबईने १९४७ साली केली, आणि सर्व देशास ती १९५५ साली मिळाली. म्हणजे अरुंधतीला जी सही करता आली, तिच्या आजेसासूला ती करता आली नसती.

आता काकूंच्या सुनेने आणलेल्या एका परदेशी मालिकेविषयी. ती भ्रमणध्वनीवर कोरियन मालिका पाहते, खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी वाचते आणि ओट्यावर कथा सांगते. 'गुड पार्टनर' नावाची ही मालिका दक्षिण कोरियात २०२४ च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दाखविण्यात आली. नायिका सतरा वर्षे घटस्फोटाचेच दावे चालविणारी नामांकित वकील. आणि तिच्या स्वतःच्या नवऱ्याचे तिच्याच सचिव बाईशी संबंध! दुसऱ्यांचे संसार कागदोपत्री सोडविण्यात जिचा हातखंडा, तिच्यावर आपल्या मुलीच्या ताब्यासाठी झगडण्याची पाळी येते. लेखिका चोई यु-ना स्वतः अशाच दाव्यांची वकील आहे, आणि ते लिखाणात दिसते. नुसते अश्रू नाहीत. पुरावा कोणता, मालमत्ता किती, मूल कोणाकडे, यांवर माणसे घासाघीस करताना दिसतात.

ओट्याने येथेही निवाडा दिलाच. "एवढी कायदा जाणणारी, आणि घरात काय चाललंय ते कळलं नाही?" हे काकूंचे पहिले वाक्य. म्हणजे फसविणाऱ्यापेक्षा फसलेल्या बाईचा गाफीलपणा मोठा! नवलाची गोष्ट ही की, कोरियाचा कायदाही पुष्कळ काळ याच प्रश्नाभोवती फिरत राहिला : दोष कोणाचा? व्यभिचार तेथे २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत तुरुंगाचा गुन्हा होता. त्या महिन्यात तेथील संविधान न्यायालयाने ते कलम रद्द केले. त्याच वर्षी सप्टेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की, ज्याने स्वतः संसार बिघडविला त्याने घटस्फोट मागावा काय? सात विरुद्ध सहा अशा मतांनी उत्तर आले, सामान्यतः नाही. एका मताचे अंतर! आमच्या ओट्यावरही कधी याहून मोठे बहुमत झालेले नाही. आपल्या देशातील व्यभिचाराचे फौजदारी कलम २०१८ साली गेले. दोन्हीकडे उभयतांच्या संमतीने वेगळे होण्याची वाट आहे, व ती चालण्यापूर्वी थांबून विचार करण्याची मुदतही आहे : कोरियात मूल असल्यास तीन महिने व नसल्यास एक, आपल्याकडे हिंदू दांपत्यास सहा महिने, जी योग्य प्रकरणी माफ करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली न्यायाधीशांस दिली.

"तुमच्यात कसं असतं हो?" असे सुनेने आम्हांस विचारले, तेव्हा सर्वांच्या माना आमच्याकडे वळल्या. या प्रश्नास आमची कॅथलिक मंडळी एका वाक्यात उत्तर देतात : आमच्यात घटस्फोट नाही. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे विवाहबंध अतूट आहे, हे खरेच. परंतु सरकारी कायद्यात ख्रिस्ती माणसासाठी घटस्फोट १८६९ सालापासून आहे, हिंदूंच्या कायद्याच्या शहाऐंशी वर्षे आधी. आणि तो कायदा कसा होता? नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोने मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरपणा, किंवा दोन वर्षांहून अधिक काळ टाकून देणे, असे काहीतरी आणखी सिद्ध करायचे. नुसते मारले, भागले नाही. नुसते टाकले, भागले नाही. दावा चालू असताना तिला मिळणारी पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक-पंचमांशाहून अधिक असू नये, असेही त्यात लिहिले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ही विषमता घटनाविरोधी ठरविली. संसदेने २००१ साली कायदा सुधारला, स्त्री-पुरुषांस कारणे समान केली आणि एक-पंचमांशाची मर्यादा काढून टाकली. म्हणजे एकशे बत्तीस वर्षे ते कलम तसेच राहिले.

आमची एक आत्या या कलमाखाली जगली. तिचा नवरा बोटीवर गेला तो पहिली काही वर्षे पैसे धाडीत होता, मग पत्रे धाडू लागला, मग तीही थांबली. त्याने दुसऱ्या बंदरी बिऱ्हाड केल्याचे सगळ्या गावास माहीत होते. परंतु गावास माहीत असणे आणि न्यायालयात सिद्ध होणे यांत समुद्राचे अंतर. आत्येला घटस्फोट नको होता. वेदीपुढे दिलेला शब्द तिने आपल्यापुरता पाळला आणि त्याविषयी तिची कधीच तक्रार नव्हती. तिला हवे होते ते एवढेच की, वाडीतला नवऱ्याचा हिस्सा तिच्या मुलाच्या नावावर लागावा आणि डोक्यावरचे कौल कोणी काढून घेऊ नये. सासरचे म्हणत, तू अजून त्याची बायको आहेस, मग भिते कशाला? आणि हिश्शाचा विषय निघाला की म्हणत, तो स्वतः येऊन सांगेल तेव्हा पाहू. पहाटेची गाडी धरून ती दादरला फुले विकायला जाई. सणाच्या दिवशी देवळाबाहेर तिच्या सहनशीलतेची वाहवा करणारे पुष्कळ होते. त्यांपैकी एकानेही तिला तलाठ्याकडे नेऊन वाडीचा उतारा काढून दिला नाही.

ही सहनशीलता धर्माने तिच्यावर लादली, असे कोणी म्हणेल. धर्माचे म्हणणे तसे नाही, आणि हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक नसते म्हणून येथे सांगतो. असह्य झालेल्या जोडीदारापासून वेगळे राहण्याची मोकळीक धर्मसभेच्या विधिनियमांत पूर्वीपासून आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्ट आहे की, कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा यांचे रक्षण करण्यास सरकारी घटस्फोटावाचून अन्य मार्ग नसेल, तर तो घेणे हे पाप ठरत नाही. असा घटस्फोट घेऊन पुन्हा विवाह न केलेल्या माणसास केवळ त्या कारणावरून पवित्र कम्युनियन नाकारले जात नाही. आमच्या आत्येने मात्र एकदा वकिलाचे घर विचारले, तेव्हा शेजारणींनी दोन रविवार तिच्याशी बोलणे टाकले होते. चर्चच्या न्यायासनाचा प्रश्न निराळाच : विवाह मोडावा काय हा नव्हे, तर त्या दिवशी तो खरोखर झाला होता काय, हा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली त्याची कार्यपद्धती बरीच सोपी केली. परंतु त्या न्यायासनाच्या निर्णयाने सरकारदप्तरी विवाह संपत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे. दोन दारे आहेत आणि दोन्हींची किल्ली वेगळी.

भैरवगढपासून इंदूर काही दूर नाही. पोटगीचा या देशातला सर्वांत गाजलेला दावा त्या शहरातला आहे. शाहबानो बेगम यांचा विवाह १९३२ सालचा, पाच मुले. १९७५ साली वकील असलेल्या पतीने त्यांस घराबाहेर काढले. १९७८ च्या एप्रिलात त्यांनी इंदूरच्या न्यायालयात दरमहा पाचशे रुपये मागितले. नोव्हेंबरात पतीने तलाक दिला. १९७९ साली दंडाधिकाऱ्याने दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. १९८० साली उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. पती सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड या पुण्याच्या गृहस्थांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांनी २३ एप्रिल १९८५ रोजी तेच १७९ रुपये २० पैसे कायम केले. एवढ्या रकमेवरून देशभर जे वादळ उठले, १९८६ साली जो नवा कायदा झाला, त्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या कायद्याचाही अर्थ न्यायालयाने २००१ साली असा लाविला की, घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याची रास्त तरतूद झालीच पाहिजे. आणि २०२४ च्या जुलैत मुस्लिम घटस्फोटितेस सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते, असा निर्वाळा दिला.

या प्रकरणावरून स्फुरलेला 'हक' हा हिंदी चित्रपट २०२५ च्या नोव्हेंबरात आला, आणि आमच्या ओट्यावर प्रथमच आवाज चढले. अप्पा एका बाजूने धर्मावर घसरले, आपांचा मुलगा दुसऱ्या बाजूने चित्रपटावर घसरला. दोष नवऱ्याचा, की मौलवींचा, की राजकारण्यांचा, की वकिलांचा? प्रत्येकास आपला दोषी सापडलेला होता. काकूंनी चहा आणला म्हणून भांडण थांबले. तेव्हा आपांनी विचारले की, एकोणऐंशी साली पंचवीस रुपयांत काय येत होते? अप्पांनी रेल्वेतला तेव्हाचा पगार आठवून हिशेब मांडला. महिन्याचे दूध आणि थोडे पीठ. भाडे त्यात बसेना.

यानंतर काही दिवसांनी आपा एका तरुण बाईस घेऊन आमच्याकडे आल्या. ती त्यांच्या अंगणात मेणाचे काम करते. नवऱ्याने दोन वर्षांमागे माहेरी आणून सोडले, एक मुलगा आहे, आणि पोटगीचा अर्ज कुटुंब न्यायालयात पडलेला. वकिलाने एक प्रतिज्ञापत्राचा नमुना भरून आणावयास सांगितले होते. नागपूरच्या एका दांपत्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या नोव्हेंबरात असे ठरवून दिले की, पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च शपथेवर लिहून द्यावा; त्याचाच हा नमुना. कागद बरेच होते. तिला वाचता येते, पण रकान्यांची तिला धास्ती वाटत होती.

नवऱ्याच्या उत्पन्नाच्या रकान्याशी पहिला तास गेला. तो काय मिळवितो हे तिला कधी सांगण्यात आलेच नव्हते. दुकान कोठे आहे, कामावर किती माणसे आहेत, गाडी कोणती, एवढे तिने सांगितले व तेवढे आम्ही लिहिले. मग तिचा स्वतःचा खर्च. खोलीचे भाडे, वीज, दूध, मुलाची फी, त्याची शाळेची रिक्षा, आईचे रक्तदाबाचे औषध. आकडे तिच्या जिभेवर होते. कागदाकडे न पाहता ती सांगत गेली. कपड्यांच्या रकान्याशी आलो तेव्हा म्हणाली, तेथे शून्य लिहा. दिवसभर कापडाच्या ढिगात बसते, एखादा बिघडलेला तुकडा मिळतोच.

आपा संतापल्या. शून्य लिहिलेस तर शून्यच मिळेल, असे त्यांनी तिला सुनावले, आणि आकडा त्यांनीच सांगितला : महिना पाचशे. तिने मान हलविली. आम्ही पाचशे लिहिले व पुढच्या रकान्यास लागलो.